नाव ज्याचं त्याचं, नियम सगळ्यांचे

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि नंदुरबार हा नवा जिल्हा नकाशावर आला. खान्देशाला वाटणी नवी नव्हती. १९०६ मध्ये इंग्रज सरकारने अखंड खान्देश तोडून पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले होते. एकाचं मुख्यालय जळगाव, दुसऱ्याचं धुळे. महाराष्ट्र राज्य झाल्यावर याच गावांची नावं जिल्ह्यांना मिळाली. दोन्ही वाटण्यांत नवा कलेक्टर आला, नवी कचेरी थाटली गेली, नवे शिक्के कोरले गेले. धुळ्याच्या गाड्यांवर एमएच-१८ होतं, नंदुरबारच्या गाड्यांवर पुढे एमएच-३९ आलं. पण १९६६ चा जमीन महसूल कायदा दोन्हीकडे तोच राहिला आणि सातबाराचा नमुनाही तोच राहिला. तलाठ्याच्या दप्तरातल्या त्या नमुन्यात मजकूर सगळ्या महाराष्ट्रासाठी एकच छापलेला असे. मौजे, तालुका आणि जिल्हा यांच्यापुढे तेवढी रिकामी जागा असे. नवा जिल्हा झाला की रिकाम्या जागेत वेगळं नाव पडे. छापील मजकुराला हात लावावा लागत नसे.

आपलं काय आणि सगळ्यांचं काय हा भेद कागदी कारभाराने असा फार पूर्वीच पचवला होता. संगणकांना मात्र तो शिकायला जवळजवळ वीस वर्षं लागली. हा इतिहास अमेरिकेतली बेल लॅब्ज ही संशोधनसंस्था आणि कॅलिफोर्निया इथे सुरू होतो, जुहूमार्गे महाराष्ट्रात येतो आणि खान्देशातल्या बँकांच्या शाखा, विद्यापीठ आणि शेवटी नंदुरबारचं एक खेडं इथवर पोचतो.

प्रोग्रॅममध्ये कोरलेलं नाव

१९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची सुरुवात केली, तेव्हा यंत्राला नाव असण्याची गरजच नव्हती. एक पीडीपी-७ यंत्र, त्याच्यासमोर बसलेली मोजकी माणसं. घरात एकच मूल असेल तर हाक मारायला ‘बाळ’ पुरतं. कोणाची फाईल कोणती हे पाहणं महत्त्वाचं होतं, कोणतं यंत्र कोणतं हा प्रश्न उद्भवत नव्हता.

तो उद्भवला यंत्रं एकमेकांशी बोलू लागली तेव्हा. १९७६ मध्ये बेल लॅब्जच्याच माइक लेस्क यांनी यूयूसीपी हा प्रोग्रॅम लिहिला. एका युनिक्स यंत्राने टेलिफोनवरून दुसऱ्याला फोन लावायचा आणि फाईल किंवा टपाल पोचवायचं, एवढं त्याचं काम. युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर तो जगभरच्या विद्यापीठांत गेला. आता प्रत्येक यंत्राला स्वतःचं नाव सांगावं लागणार होतं. हे नाव ठेवलं कुठे? ‘हू-ॲम-आय’ नावाच्या एका हेडर फाईलमध्ये. म्हणजे नाव प्रोग्रॅमच्या मूळ मजकुराचाच भाग. यंत्राचं नाव बदलायचं तर ती फाईल बदलून नावावर अवलंबून असलेले प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करायचे. एका यंत्रावर तयार झालेला प्रोग्रॅम जसाच्या तसा शेजारच्या यंत्रावर नेला, तर तो आधीच्याच नावाने बोलू लागे.

यूयूसीपीच्या टपालाचा पत्ताही याच जातीचा होता. त्यात कोणाला पत्र पाठवायचं ते असेच, शिवाय ते कोणत्या यंत्रावरून कोणत्या यंत्रावर जाणार हा सगळा रस्ता उद्गारचिन्हांनी जोडून लिहावा लागे. मधलं एक यंत्र बंद पडलं की माणसाचा पत्ताच चुकीचा ठरे. नाव, जागा आणि वाट या तीन गोष्टी एकाच ओळीत गुंतलेल्या होत्या.

पहिली सोडवणूक कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात झाली. ऑगस्ट १९८३ मध्ये आलेल्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत नाव विचारण्याची आणि नाव ठेवण्याची स्वतंत्र सोय कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, होती. यंत्र सुरू होताना एका छोट्या फाईलमधून नाव वाचायचं आणि कर्नलला सांगायचं. मग ज्या प्रोग्रॅमला हवं असेल त्याने कर्नलला विचारायचं. प्रोग्रॅम सगळीकडे एकच राहिला आणि नाव त्याच्या बाहेर आलं. बदल लहान होता, पण पुढचं सगळं त्याच्यावर उभं राहिलं.

एका यादीचा भार

नाव बाहेर आलं तरी दुसरा प्रश्न शिल्लक होताच. माझं नाव मला ठाऊक आहे. बाकीच्यांची नावं आणि पत्ते मला कोण सांगणार? अमेरिकेतल्या आर्पानेट या नेटवर्कवर याचं उत्तर एका यादीत होतं. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथे एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखालचं माहिती केंद्र सगळ्या यंत्रांची एक मूळ यादी ठेवत असे. नवं यंत्र जोडलं की त्यांना कळवायचं. त्यांनी यादीत ओळ घालायची. मग प्रत्येकाने ती यादी आपल्याकडे उतरवून घ्यायची. ज्याने आज उतरवली त्याला नवा शेजारी दिसे, ज्याने गेल्या महिन्यात उतरवली त्याला दिसत नसे. सगळ्यांसाठी एकच असायला हवी ती गोष्ट प्रत्येकाकडे वेगवेगळ्या वयाची होऊन बसली.

नोव्हेंबर १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिमचा आराखडा मांडला. यादीची नक्कल प्रत्येकाने ठेवण्याऐवजी गरज पडेल तेव्हा विचारायचं, आणि जो तो आपापल्या शाखेपुरता जबाबदार. पुढच्याच वर्षी बर्कलीच्या चार विद्यार्थ्यांनी युनिक्ससाठी त्याचा ‘बाइंड’ हा सर्व्हर लिहिला.

नावांच्या या झाडाला भारताची फांदी फुटली ती मुंबईत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या एका केंद्रातून १९८५ मध्ये जुहूची एनसीएसटी (नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी) ही स्वतंत्र संस्था झाली होती, डॉ. श्रीनिवासन रमणी तिचे प्रमुख होते. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने अर्नेट हे शैक्षणिक नेटवर्क सुरू केलं. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची विज्ञान संस्था, एनसीएसटी आणि खुद्द विभाग असे आठ भागीदार होते. जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनवरून यूयूसीपीचं टपाल सुरू झालं. पुढे जुहूहून अमेरिकेतल्या व्हर्जिनियाशी दुवा जुळला. ८ मे १९८९ रोजी ‘डॉट इन’ हे भारताचं डोमेन नोंदलं गेलं आणि त्याचा कारभार बरीच वर्षं जुहूच्या याच संस्थेकडे राहिला.

एनसीएसटीच्या यंत्रांची नावं लक्षात राहण्याजोगी होती : शक्ती, साथी, कोणार्क. या नावांतून यंत्र कोणत्या मजल्यावर आहे किंवा कोणत्या कामासाठी आहे, हे काहीच कळत नसे, आणि तोच त्यांचा गुण होता. काम बदललं, खोली बदलली, तरी नाव खोटं पडत नाही. १९९० मध्ये डॉन लिब्ज यांनी यंत्रांना नावं कशी ठेवावीत यावर एक टिपण प्रसिद्ध केलं, त्यातला एक सल्ला हाच होता : एखाद्या प्रकल्पावरून यंत्राचं नाव ठेवू नका, प्रकल्प संपतात.

डिस्क नसलेलं यंत्र

खरी कसोटी लागली ती सन मायक्रोसिस्टिम्समध्ये. फेब्रुवारी १९८२ मध्ये चौघांनी ही कंपनी काढली. त्यांतले विनोद खोसला हे पुण्यात जन्मलेले. सनचा सगळा डाव नेटवर्कवर होता. त्या काळी डिस्क महाग होती, म्हणून सनने बिनडिस्कची वर्कस्टेशनं विकायला काढली. सन-३/५० हे त्यांतलं सगळ्यांत ओळखीचं. टेबलावर पडदा, कीबोर्ड आणि एक चपटा डबा. ऑपरेटिंग सिस्टिम मात्र खोलीच्या कोपऱ्यातल्या सर्व्हरवर.

अशा यंत्राचं बटण दाबल्यावर काय होई ते पाहण्यासारखं आहे, कारण आपलं आणि सगळ्यांचं यांची फारकत पहिल्यांदा इथे डोळ्यांना दिसते. यंत्राकडे स्वतःचं असं एकच असे : एका चिपमध्ये कोरलेला ४८ बिटांचा इथरनेट पत्ता. सनच्या यंत्रांत त्याची सुरुवात ०८:००:२० अशी असे. आपण कोण, आपला नेटवर्कवरचा पत्ता काय, यातलं काहीही त्याला माहीत नसे. म्हणून ते वायरवर सगळ्यांना उद्देशून ओरडे : हा माझा इथरनेट पत्ता, माझा आयपी पत्ता कोणी सांगेल का? सर्व्हर आपल्या ‘इथर्स’ फाईलमध्ये तो पत्ता शोधून त्यासमोरचं नाव घेई, ‘होस्ट्स’ फाईलमध्ये त्या नावासमोरचा आयपी पत्ता पाही आणि उत्तर देई. मग यंत्र सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम मागवी. त्या फाईलचं नाव म्हणजे यंत्राचा आयपी पत्ताच, षोडशमान आकड्यांत लिहिलेला. तो प्रोग्रॅम सुरू झाला की तिसरा प्रश्न : माझं नाव काय आणि माझी मूळ डिरेक्टरी कुठे आहे? ‘बूटपॅराम्स’ फाईलमधली एक ओळ त्याचं उत्तर असे. तीन प्रश्न आणि तीन फाइलींतल्या तीन ओळी, एवढ्यावर एक निनावी डबा खोलीतलं एक विशिष्ट यंत्र होई.

या पद्धतीने एक प्रश्न टाळता येईनासा केला. सर्व्हरवर वीस यंत्रांसाठी वीस वेळा सगळी सिस्टिम ठेवणं परवडणारं नव्हतं. कोणत्या फाइली प्रत्येकाला वेगळ्या हव्यात आणि कोणत्या सगळ्यांना मिळून एक पुरे, हे ठरवायलाच हवं होतं. तोपर्यंतच्या युनिक्समध्ये या दोन्ही जाती एकमेकींत मिसळलेल्या होत्या. प्रोग्रॅम ‘यूएसआर’मध्ये असत, तशा रोज वाढणाऱ्या नोंदी आणि टपालाच्या रांगाही तिथेच, ‘ईटीसी’मध्ये यंत्राचं नाव असे, तसे सगळ्यांना लागणारे मोठे प्रोग्रॅमही.

१९८८ च्या सनओएस ४.० मध्ये सनने ही सरमिसळ निस्तरली. सगळ्यांसाठी एकच असणारं सगळं ‘यूएसआर’मध्ये गेलं आणि ते फक्त वाचण्यासाठी खुलं ठेवलं. रोज बदलणाऱ्या गोष्टींसाठी ‘वार’ ही नवी जागा झाली. यंत्राचं स्वतःचं असं जे उरलं ते त्याच्या छोट्या मूळ डिरेक्टरीत राहिलं. सर्व्हरवर प्रत्येक यंत्राच्या नावाची एक डिरेक्टरी, आणि सगळ्यांच्या वाट्याला एकच ‘यूएसआर’. यंत्र वाढवायचं तर छोटी मूळ डिरेक्टरी तेवढी नवी करायची. सातबाराच्या छापील नमुन्याची अक्कल युनिक्सला आली ती या वर्षी.

अधिक चिन्हाची ओळ

फाइली वेगळ्या झाल्या, पण काही फाइली आतून दुभंगलेल्या होत्या. पासवर्ड फाईल घ्या. तिच्यात यंत्राच्या प्रमुखाचं खातं असतं, ते त्या यंत्रापुरतंच. आणि संस्थेतल्या सगळ्या माणसांचीही खाती असतात, ती सगळीकडे सारखी. नवा माणूस आला की प्रत्येक यंत्रावर जाऊन ओळ घालायची, गेला की प्रत्येक यंत्रावरून काढायची. एखादं यंत्र राहून जाई आणि सोडून गेलेल्या माणसाचं खातं तिथे महिनोन्‌महिने उघडं राही.

सनने यासाठी ‘यलो पेजेस’ नावाची सेवा दिली. पुढे हे नाव ब्रिटिश टेलिकॉमच्या मालकीचं असल्याचं लक्षात आल्यावर ती ‘एनआयएस’ झाली, पण तिच्या आज्ञांची सुरुवात आजतागायत ‘वायपी’नेच होते. तिची युक्ती अशी : पासवर्ड फाईलमध्ये आधी यंत्राच्या स्वतःच्या चार-दोन ओळी लिहायच्या आणि शेवटी एक अधिक चिन्ह टाकायचं. त्या चिन्हाचा अर्थ, इथून पुढचं सगळं मध्यवर्ती सर्व्हरला विचारा. चिन्हाच्या वरचं माझं, खालचं सगळ्यांचं. शिवाय आधी वरच्या ओळी पाहिल्या जात, त्यामुळे सर्व्हर झोपला तरी यंत्राच्या प्रमुखाला आत शिरता येई.

या सोयीची किंमतही होती. एनआयएसच्या डोमेनचं नाव ज्याला कळलं, त्या कोणत्याही यंत्राला सगळ्यांचे सांकेतिक पासवर्ड उतरवून घेता येत. आणि सर्व्हर बंद पडला की खोलीतल्या साऱ्या पडद्यांवर एकच तक्रार झळके : सर्व्हर उत्तर देत नाही, पुन्हा प्रयत्न चालू आहे. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८७ मध्ये अशा व्यवस्थेची चेष्टेने व्याख्याच केली होती : जे यंत्र अस्तित्वात आहे हेही तुम्हाला ठाऊक नाही, ते बिघडल्यामुळे तुमचं यंत्र निकामी होतं, ती ही व्यवस्था.

सनच्या यंत्रांची ओळख ज्या चिपमध्ये होती तिचीही एक कथा आहे. सॉफ्टवेअरचे परवाने यंत्राच्या ओळख क्रमांकाला बांधलेले असत. त्यामुळे मदरबोर्ड बदलायला आलेला तंत्रज्ञ जुन्या बोर्डावरची ती चिप काढून नव्या बोर्डावर बसवी. सारं शरीर बदलून ओळख तेवढी तीच. पुढच्या स्पार्क यंत्रांत ही ओळख बॅटरी असलेल्या चिपमध्ये गेली. दहा वर्षांच्या आसपास बॅटरी संपली की यंत्र आपलं नाव-गाव विसरून जाई आणि इथरनेट पत्ता विचारला तर सगळी ‘एफ’ अक्षरं दाखवी. ओळख जितकी थोडी आणि जितकी एका जागी, तितकी ती सांभाळायला सोपी. पण ती एक जागा गेली की सगळं गेलं.

बेटांचा काळ

याच सुमारास भारतातल्या जिल्ह्यांत संगणक येत होते. नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरने डॉ. एन. शेषगिरी यांच्या नेतृत्वाखाली उपग्रहाच्या आधाराने निकनेट उभं केलं आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस देशभरच्या जिल्हा मुख्यालयांवर तबकड्या दिसू लागल्या. जळगाव आणि धुळे ही नेटवर्कवरची ठिकाणं झाली.

बँकांतलं संगणकीकरण याच काळात, पण वेगळ्या वाटेने आलं. डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने १९८४ मध्ये आराखडा दिला, बँकांत युनिक्सने मूळ धरलं आणि शाखांमध्ये काउंटरमागे एक युनिक्स यंत्र आणि त्याला जोडलेले टर्मिनल्स असं दृश्य दिसू लागलं. शतकाच्या अखेरीस केंद्रीय दक्षता आयोगाने १ जानेवारी २००१ पर्यंत बँकांचा ७० टक्के व्यवसाय संगणकावर आणण्याची मुदत घातली, तेव्हा या कामाला जोर आला.

पण ही शाखायंत्रं बेटंच होती. जळगावच्या शाखेत खातं असलेल्या माणसाला धुळ्याच्या शाखेत पैसे काढायची सोय बहुतेक ठिकाणी नव्हती, कारण धुळ्याच्या यंत्राला तो माणूसच माहीत नव्हता. व्याजदर बदलला की मुख्यालयाचं परिपत्रक येई आणि प्रत्येक शाखेत कोणीतरी ते आकडे हाताने भरी. खातेदार हा त्या शाखेचा स्वतःचा आणि व्याजदर हा सगळ्या बँकेचा, पण दोन्ही एकाच यंत्राच्या पोटात एकाच प्रकारे ठेवलेले. सनने प्रयोगशाळांपुरता सोडवलेला प्रश्न शाखाशाखांत पुन्हा उभा राहिला.

सगळ्या शाखांची खाती एका मध्यवर्ती यंत्रणेत ठेवणाऱ्या कोअर बँकिंगने तो सोडवला, आणि त्याचे ठसे पासबुकावर दिसतात. स्टेट बँकेच्या खात्याचा क्रमांक ११ आकडी असतो आणि त्यात शाखेचा मागमूस नसतो. खातं जळगावहून धुळ्याला हलवलं तरी क्रमांक तोच राहतो. शाखेची ओळख आयएफएससीमध्ये वेगळी ठेवली आहे : ११ अक्षरांतली पहिली चार बँकेची, पाचवं शून्य, शेवटची सहा शाखेची. काही बँकांच्या खात्याच्या क्रमांकातच शाखेचा क्रमांक असतो. तिथे बेटांचा काळ अजून आकड्यांत शिल्लक आहे.

पत्त्यात अडकलेलं शहर

सामान्य माणसाला हा घोळ पहिल्यांदा जाणवला तो ईमेलच्या पत्त्यात. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने देशात इंटरनेटची सार्वजनिक सेवा सुरू केली. ज्यांनी त्या काळात शेल अकाउंट घेतलं, ते टेलिफोनवरून मुंबई, पुणे अशा शहरांतल्या एका युनिक्स यंत्रावर लॉगिन करत आणि काळ्या पडद्यावर पत्रं वाचत. आपल्या गावात केंद्र नसलं तर एसटीडीवर दूरच्या शहराचा नंबर फिरवावा लागे आणि मीटर पळत असताना पत्र वाचावं लागे.

मुंबईकरांच्या पत्त्यात ॲटच्या चिन्हापुढे ‘जीआयएएसबीएम०१’ आणि पुणेकरांच्या पत्त्यात ‘जीआयएएसपीएन०१’ असे. पहिली चार अक्षरं सेवेची, पुढची दोन शहराची, शेवटचा आकडा यंत्राचा. म्हणजे माणसाचा पत्ता म्हणजे मुंबईतलं पहिल्या क्रमांकाचं यंत्र. त्याच वर्षी राज्य सरकारने बॉम्बेचं अधिकृत नाव मुंबई केलं. यंत्राच्या नावातलं ‘बीएम’ मात्र तसंच राहिलं. ग्राहक वाढले, नवी यंत्रं आली, ‘बॉम२’ आणि त्यापुढचे आकडे दिसू लागले. कोण कोणत्या यंत्रावर आहे ही कंपनीच्या यंत्रखोलीतली बाब. तरी ती लोकांच्या व्हिजिटिंग कार्डांवर छापली गेली.

भारत संचार निगमच्या संचारनेट या इंटरनेट सेवेने याच्या उलट केलं. ॲटच्या चिन्हापुढे सगळ्या देशासाठी एकच नाव, आणि शहराची खूण त्याच्या अलीकडे, माणसाच्या नावाला चिकटलेली. माणूस त्यामुळे यंत्रातून सुटला आणि शहरात अडकला. जळगावहून धुळ्याला बदली झालेल्या नोकरदाराच्या पत्त्यात जुनं शहर राहून जाई.

जळगावच्या विद्यापीठाचं उदाहरण यापेक्षा शहाणपणाचं आहे. १५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालं आणि पुणे विद्यापीठाशी जोडलेली खान्देशातली महाविद्यालयं त्याच्याकडे आली. त्याचं डोमेन इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एनएमयू’ झालं. २०१८ मध्ये विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव देण्यात आलं. इंटरनेटवरचा पत्ता ‘एनएमयू’च राहिला. पाट्या, पदव्या आणि लेटरहेड बदलले, पण विद्यार्थी ज्या पत्त्यावर निकाल पाहत होते तो हलला नाही.

साचे आणि जुळी यंत्रं

१४ फेब्रुवारी १९९४ रोजी लिनक्ससाठी फाइलींच्या मांडणीचा पहिला नियम प्रसिद्ध झाला. त्याने आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्यांनी सनची विभागणी दोन प्रश्नांत बसवली : ही फाईल इतर यंत्रांबरोबर वाटून घेता येते का, आणि ती आपोआप बदलत राहते का? प्रोग्रॅम वाटून घेता येतात आणि बदलत नाहीत. ‘ईटीसी’मधल्या फाइली बदलत नाहीत, पण वाटताही येत नाहीत. त्याच सुमारास, १९९३ मध्ये, ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी सीएफइंजिन लिहिलं. एकाच मध्यवर्ती वर्णनात सगळ्या यंत्रांचे नियम, आणि प्रत्येक यंत्राने आपलं नाव, आपली जात आणि आपली वेळ पाहून त्यांतले आपल्याला लागू होणारे उचलायचे. इथे अधिक चिन्हाची गरज संपली. सगळा मजकूर एकच, निवड ज्याची त्याची.

डिस्क स्वस्त झाल्या तेव्हा उलट्या बाजूची चूक सुरू झाली. एक यंत्र नीट मांडायचं, त्याच्या डिस्कची नक्कल साचा म्हणून करायची आणि ती शंभर यंत्रांवर उतरवायची. नियम सगळीकडे सारखे झाले, पण नकलेत ओळखही गेली. १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू उलोनेन यांनी एसएसएच लिहिलं, त्यात प्रत्येक यंत्राची स्वतःची गुप्त किल्ली असते. तिच्यावरून आपण खऱ्याच यंत्राशी बोलतोय हे कळतं. साच्यात ती किल्ली राहिली तर सगळी यंत्रं एकमेकांची सोंगं घेऊ शकतात. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी सारं इंटरनेट चाळलं, तेव्हा एकच किल्ली वापरणारी लाखो यंत्रं सापडली. त्यांतल्या अनेकांना ती कारखान्यातच मिळालेली होती. म्हणून आता साचा तयार करताना यंत्राची किल्ली पुसायची आणि ३२ अक्षरी ओळख क्रमांकाची फाईल रिकामी ठेवायची पद्धत आहे. पहिल्यांदा सुरू होताना यंत्र स्वतःसाठी नवा क्रमांक बनवतं.

तेंभली

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातल्या तेंभली गावात पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. त्याच्या १२ वर्षं आधीपर्यंत हे गाव धुळे जिल्ह्यात होतं. आधारचे १२ आकडे मुद्दाम अर्थशून्य ठेवलेले आहेत. त्यात राज्य नाही, जिल्हा नाही, जन्मसाल नाही, स्त्री की पुरुष हेही नाही. शेवटचा आकडा पडताळणीसाठी, बाकीचे यादृच्छिक. उद्या जिल्ह्याची आणखी एक वाटणी झाली, तरी तेंभलीतल्या कोणाचाही आधार बदलणार नाही.

क्रमांक रिकामा ठेवला तरी त्याला सगळं चिकटवण्याचा मोह सुटत नाही. रेशन, बँक, मोबाइल, शिष्यवृत्ती असं एकेक त्या आकड्यांना जोडलं गेलं आणि त्यावर न्यायालयीन लढाया झाल्या. यंत्रांच्या इतिहासाने याची सूचना आधीच दिली होती : सनच्या चिपला परवाने बांधले गेले, तेव्हापासून ती चिप ओळखीपुरती उरली नव्हती.

या सगळ्या इतिहासात दोन प्रकारच्या चुका दिसतात, आणि त्यांची लक्षणं वेगळी असतात. सगळ्यांची गोष्ट एकट्याकडे राहिली की ती हळूहळू जुनी होते : एखाद्या शाखेत मागच्या वर्षीचा व्याजदर, एखाद्या यंत्रावर सोडून गेलेल्या माणसाचं खातं. एकट्याची गोष्ट सगळ्यांकडे गेली की सोंग घेणं सोपं होतं, आणि ते उघडकीला येतं तेव्हा नुकसान होऊन गेलेलं असतं. पहिली चूक नियमित तपासणीत सापडू शकते; दुसरीसाठी साचा ओतण्याआधीच सावध असावं लागतं.

म्हणून आज जळगाव किंवा धुळ्यातल्या एखाद्या कॉलेजात, पतसंस्थेत किंवा सरकारी कचेरीत नवा सर्व्हर मांडणाऱ्याने एक परीक्षा आधीच घ्यावी. हे यंत्र उद्या जळालं आणि त्याच्या जागी दुसरं बसवलं, तर कोणत्या ओळी पुन्हा हाताने लिहाव्या लागतील? नाव, पत्ता आणि किल्ली एवढ्यावर यादी संपली, तर मांडणी नीट आहे. यादी पानभर लांबली, तर सगळ्यांच्या मालकीचं बरंच काही त्या एका यंत्रात अडकलं आहे, आणि ते आधी बाहेर काढावं लागेल.